तिन्हीसांजेचा काळा पडदा

१. आरोळी

"मेला! परत मेला!"

कारखानिसांच्या दारावरची बेल वाजवायला निरुपमा देवस्थळीनं बोट उचललं आणि आतून ही आरोळी आली. बोट हवेतच राहिलं. सारी नोकरी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि चोरीला गेलेले, म्हणजे मालकांच्या म्हणण्याप्रमाणे चोरीला गेलेले, दागिने तपासण्यात गेली होती तिची. निवृत्त झाली तरी आधी संशय घ्यायचा आणि मग काळजी करायची, ही खोड काही सुटली नव्हती. दांडिया बाजारातल्या या इमारतीत ती आली होती संक्रांतीचं हळदीकुंकू करायला. हातात वाणाची पिशवी, आणि आत कुणीतरी मेलेलं.

दार तात्यासाहेबांनी उघडलं. शुभ्र धोतर, कोट, आणि चेहऱ्यावर जुन्या संस्थानी हुजूर कचेरीतला अदबशीरपणा. त्यांचे आजोबा तिथं होते. पण ऐट अशी, की जणू हेच आत्ता तिथून उठून आलेत.

"यावं, निरुपमाबाई. आमच्या सूनबाईंचं यंत्र जरा विसावलंय, एवढंच. अभद्र काही नाही."

विसावलेलं यंत्र जेवणाच्या टेबलावर होतं. नवा कोरा लॅपटॉप, पडदा काळा ठिक्कर. त्याच्यासमोर तेजश्री, त्यांची सून, डोक्याला हात लावून बसलेली. त्यांचा मुलगा इंद्रनील आणि ती दिवाळीनंतरच अहमदाबादहून बडोद्याला राहायला आले होते. पोर सुरतेची. मराठी बोलायची चांगली, पण मधूनच "हाश" आणि "चालो" निघायचं तोंडातून.

"रोज, मावशी! रोज संध्याकाळी!" ती म्हणाली. "दिवसभर नकाशा काढते. संध्याकाळी तिकडची माणसं कामावर येतात, त्यांना दाखवायचा असतो. आणि नेमका तेव्हाच हा जातो, झालेलं काम घेऊन; मधे साठवलेलंसुद्धा मग नीट उघडत नाही. आता चालू केला की आधी निळा पडदा येतो, मग तासभर स्वतःलाच दुरुस्त करत बसतो."

तेजश्री एका परदेशी कंपनीसाठी घरबसल्या घरांचे नकाशे काढायची. नोकरी नवी, अजून कायम झालेली नव्हती. शनिवारी पूर्ण नकाशा पोचला तर नोकरी टिकणार होती, नाहीतर कंपनीनं हात वर केले असते.

"बिघडलं असेल काहीतरी," निरुपमा म्हणाली.

"बिघडलेलं यंत्र घड्याळ बघून बिघडतं का?" तेजश्रीचा आवाज एकदम थंड झाला. तिची नजर आतल्या दाराकडे गेली होती. "आपोआप नाही होत हे. या घरात कुणाला तरी मी नको आहे."

आतल्या खोलीच्या दारात मालविका उभी होती, नुकतीच कामावरून आलेली, पर्स अजून खांद्यालाच. इंद्रनीलची थोरली बहीण. बँकेत नोकरी करायची, आणि संसार मोडल्यापासून माहेरी राहायची. तिची आई रमा ही निरुपमाची जिवाभावाची मैत्रीण. रमा गेली तेव्हा या पोरीचा हात निरुपमानंच धरला होता.

मालविकेनं पर्स शांतपणे खांद्यावरून काढली.

"नाव घे ना," ती म्हणाली. "सरळ माझं नाव घे."

२. गच्चीतली जबानी

निरुपमानं तेजश्रीला दंडाला धरून गच्चीत नेलं. तारांवर उत्तरायणातले फाटके पतंग अजून लोंबत होते.

"आता रडू नकोस. मला क्रमानं सांग. मालविकेवरच संशय का?"

तेजश्रीनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. यंत्र अभिजितच्या दुकानातून घेतलेलं; अभिजित म्हणजे इंद्रनीलचा चुलतभाऊ. त्याच्याकडे तपासायला ठेवलं तेव्हा आठवडाभर एकदाही बंद पडलं नाही. घरीही सकाळ-दुपार ठणठणीत. जातं ते फक्त तिन्हीसांजेला, आणि तेही तेजश्री चहा टाकायला उठली की.

"मी आत जाते. चहा होतो, एकीकडे कुकर लावते. बाहेर येते तो पडदा काळा, आणि मालूताई नुकत्या आलेल्या, पर्स टेबलावर ठेवत असतात. रोज! आणि मावशी, त्या दिवशी त्या भरूचला साखरपुड्याला गेल्या होत्या ना, त्या संध्याकाळी यंत्र एकदम मस्त चाललं. मग मी काय समजायचं?"

हे जरा वजनदार होतं. निरुपमाला आवडलं नाही, पण वजनदार होतं.

"तू आत असताना टेबलापाशी कुणीच नसतं?"

"तात्या असतात की, खुर्चीत. त्यांच्यावर सोपवूनच जाते मी. तिकडून निरोप आला की घंटी वाजते, ती स्वयंपाकघरात ऐकू येत नाही. म्हणून जाताना सांगते, 'तेवढं वाढवा हं, तात्या.' म्हणजे आवाज. बटण दाखवून ठेवलंय त्यांना."

"मग त्यांच्याच हातून चुकून—"

"विचारलं ना मी! 'तात्या, तुम्ही बंद तर नाही केलंत?' तर कानावर हात ठेवले त्यांनी. म्हणाले, 'छे छे, बंद कशाला करीन? असं बोलूसुद्धा नये.' तात्या खोटं बोलत नाहीत, मावशी. ते सोडून बोला."

तेही खरंच होतं. हा माणूस खोटं बोलला असता तर बडोद्यात कुणावर विश्वास ठेवायचा असा प्रश्न पडला असता.

दोघी आत आल्या. हळदीकुंकू झालं. तात्यासाहेबांनी खुर्चीतूनच फर्मावलं, "सूनबाई, निरुपमाबाईंना तीळगूळ द्या."

तेजश्रीनं डबा उघडला. "तात्या, डबा रिकामा आहे."

"हो का? वाढला वाटतं." ते प्रसन्नपणे म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

तेजश्रीनं निरुपमाकडे पाहिलं आणि हळूच स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "हल्ली असं होतं त्यांचं," ती कुजबुजली. "इंद्रनील म्हणतोय डॉक्टरांना दाखवू."

निरुपमा जायला निघाली. "बरंय, जाते मी."

"येते म्हणावं," पेपराआडून आवाज आला.

"येते, तात्यासाहेब."

जिन्यात मालविका उभी होती. निरुपमाला वाटलं, ही आता भडाभडा बोलेल. पण ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "निरूमावशी, तू यात पडू नकोस. प्लीज. खोदशील तर वाईट होईल."

तपासणीच्या कामात हे वाक्य तिनं पुष्कळ लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यातला एकही निर्दोष निघाला नव्हता.

३. अभिजितचं दुकान

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून निरुपमा अभिजितच्या दुकानात शिरली. अभिजित समोर ठेवलेल्या सेव उसळीत पाव बुडवत होता. तिला बघून त्यानं पाव तसाच बशीत टाकला.

"आवो, आवो, निरूमावशी! बसा. सेव उसळ मागवू?"

"आधी हे सांग, खोक्याचं सील आधीच फोडलेलं होतं म्हणे. जुना माल नवा म्हणून घरच्याच सुनेच्या गळ्यात मारलास का रे?"

"काय मावशी!" अभिजित लालबुंद झाला. "कपाटात मांडायला उघडला होता, बस. माझ्या वहिनीला मी फसवीन? दांडिया बाजारात तोंड दाखवायचंय मला."

"मग खोल आणि दाखव. तू मागं तपासलंस ते इकडे चाललं म्हणून हात झटकलेस. या वेळी नीट खोद. ते गेलं कसं, ते मला हवंय."

अभिजितनं हात पुसले आणि कामाला लागला. सुरुवातीला तोंड चालू होतं. मेमरी बरोबर, पंखा बरोबर, तापत नाही, बॅटरी तर ए-वन. मग तो यंत्रानं स्वतःबद्दल आत काय टिपून ठेवलंय ते वाचत गेला, आणि हळूहळू त्याची बडबड बंद झाली. उसळ गार झाली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "यंत्रात काहीच दोष नव्हता. म्हणजे आता आहे. आतल्या फायली बिघडल्यात, म्हणून तो निळा पडदा येतो. पण ते नंतर झालेलं. आधी झालंय ते वेगळंच."

"कोड्यात बोलू नकोस."

त्यानं बोट ठेवून दाखवलं. कळफलकाच्या वरच्या ओळीत, अगदी उजव्या कोपऱ्यात, चालू-बंद करायचं बटण. त्यावर तांदळाएवढा एक पांढरा दिवा.

"याला चुकून बोट लागलं तर यंत्र नुसतं झोपतं. परत हात लावला की जागं, काम जिथल्या तिथं. पण कुणी हे दाबून धरलं, दिवा जाईपर्यंत धरूनच ठेवलं, तर सगळं एका झटक्यात बंद. उघडलेलं काम गेलं. रोज असं केलं की आतून खिळखिळं होतं बिचारं."

"म्हणजे चुकून नाही."

"चुकून कुणी इतका वेळ दाबून धरतं का?" अभिजितनं घाबरून दाराकडे पाहिलं. "मावशी, घरातलंच कुणीतरी रोज संध्याकाळी याचा गळा आवळतंय."

४. कबुली

घरात पाच वाजल्यापासून माणसं किती? तेजश्री, तात्यासाहेब, आणि नंतर आलेली मालविका. इंद्रनील मकरपुऱ्याच्या कारखान्यात. तो घरी येतो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. तरी निरुपमानं त्याला सोडलं नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गाठलं.

"तुला तिची ही नोकरी पसंत नाही म्हणे."

"नव्हती," इंद्रनील प्रामाणिकपणे म्हणाला. "मी येतो तेव्हा ती त्या पडद्यात घुसलेली असते. म्हणालो होतो, सोड म्हणून. पण मावशी, म्हणून मी असलं करीन? आणि करणार कसा? मी इथं असतो."

ते बरोबर होतं. निरुपमानं बशीत चहा ओतला.

"आणि तात्यांचं काय रे? डॉक्टरांना दाखवायचं म्हणतोस."

त्याचा चेहरा पडला. "काहीतरीच बोलतात हल्ली, मावशी. तेजू सांगते ना. डबा रिकामा असला तरी वाढला म्हणतात. मी दिवसभर बाहेर, ताई बाहेर, तेजूच्या मागं काम. उद्या गॅस चालू ठेवला तर? चांगल्या ठिकाणी ठेवलं त्यांना, चोवीस तास कुणी बघायला असलेलं, तर... ताईला बोललो तर अंगावर धावून आली."

निरुपमानं बशी तशीच खाली ठेवली. तात्यासाहेबांना घराबाहेर ठेवायची गोष्ट या घरात इतकी पुढं गेली असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी ती कारखानिसांकडे पोचली तेव्हा बैठकीत भांडण पेटलेलं होतं. अभिजित पोटात काही ठेवू शकेल तर शपथ. कुणीतरी मुद्दाम यंत्र बंद करतंय, एवढं त्यानं तेजश्रीला फोनवर सांगून टाकलं होतं. तात्यासाहेब देवळात गेले होते, तेवढं बरं.

"म्हणजे मुद्दाम!" तेजश्री कडाडली. "आता तरी बोला, ताई. माझ्याशी काय वैर आहे तुमचं?"

मालविका भिंतीला टेकून उभी होती. तिनं निरुपमाकडे पाहिलं, मग देवघराकडे, आणि म्हणाली, "हो. मी केलं."

आत फक्त कुकरची वाफ फुसफुसत होती.

"मीच करत होते. आल्या आल्या वायर काढायची भिंतीतली, की यंत्र बंद. झालं समाधान? शनिवारी संध्याकाळी मी निघते. बँकेजवळ एक खोली मिळतेय. पण एक सांगते, मी गेल्यावर तात्यांना या घरातून कुठंही हलवायचं नाही. एवढं कबूल करा, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

ती आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि बॅग ओढल्याचा आवाज आला. तेजश्री खुर्चीत बसून रडायला लागली. जिंकलेल्या माणसासारखी ती मुळीच दिसत नव्हती.

निरुपमाला मात्र घाम फुटला होता. कबुली समोर होती आणि ती सपशेल खोटी होती.

५. दुकान वधावी दीधी

वायर काढल्यानं काय होतं? काही होत नाही. बॅटरी ए-वन आहे, अभिजितनंच सांगितलं. वायर काढली तरी यंत्र आरामात चालत राहतं. ज्यानं हे रोज केलं त्याला हे ठाऊक असणार. मालविकेला ठाऊक नाही, म्हणजे तिनं केलं नाही. न केलेला गुन्हा माणूस अंगावर घेतो तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला.

आणि मग भरूच! सगळे म्हणतात, मालविका नव्हती म्हणून यंत्र चाललं. निरुपमा स्वतःवरच चरफडली. घरात कोण नव्हतं ते विचारायचं सोडून आपण मालविका नव्हती एवढ्यावरच थांबलो!

तिनं मालविकेला बँकेच्या बाहेर गाठलं आणि आडवळण न घेता विचारलं, "साखरपुड्याला एकटी गेली होतीस?"

मालविकेचं तोंड पांढरं पडलं.

"तात्यांना घेऊन गेली होतीस. होय की नाही?"

"मावशी, हळू बोल ना." तिचे डोळे भरले. "मी पाहिलं गं त्यांना. एकदा लवकर सुटले होते. दार लोटलेलं होतं. तात्या टेबलापाशी पाठमोरे उभे, यंत्रावर वाकलेले. हलेचनात. पडदा काळा झाला तेव्हा यंत्राला नमस्कार केला त्यांनी. मी म्हटलं, तात्या, हे काय करताय? तर हसून म्हणाले, सूनबाईंचं काम करतोय." तिला हुंदका आवरेना. "काय समजू मी? सूनबाईंचं काम मोडतात आणि म्हणतात काम करतोय! डोकं गेलं गं त्यांचं. आणि हे इंद्राला कळलं तर तो त्यांना सोडून येईल कुठंतरी. आईच्या माघारी मी त्यांना तिथं जाऊ देऊ? त्यापेक्षा मी वाईट ठरलेली काय वाईट?"

निरुपमानं पोरीला पोटाशी धरलं. मग, "शनिवारपर्यंत थांब," एवढंच म्हणून ती चालू लागली.

आता करायचं काय? खरं बोललं तर म्हातारा घराबाहेर. गप्प बसलं तर मालविका घराबाहेर. विचारांच्या नादात पाय घडियाळी पोळाच्या गल्लीत वळले. तीळगुळाचा डबा भरून न्यावा म्हणून ती ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर चढली. म्हातारे शेठ फळ्या लावत होते.

"शेठ, अर्धा किलो तीळगूळ."

शेठनी हात जोडले. "बेन, हवे तो दुकान वधावी दीधी. काले आवजो."

"बरं," म्हणून ती दोन पायऱ्या उतरली. आणि तिथंच थबकली.

दुकान वधावी दीधी. दुकान वाढवलं. बंद केलं असं नाही म्हणायचं. चालत्या दुकानाला बंद हा शब्द अशुभ. तिची स्वतःची आजीसुद्धा असंच बोलायची. बांगडी फुटायची नाही, वाढायची. तांदूळ संपायचे नाहीत, वाढायचे. नारळ तर आजही वाढवतात. आणि रात्री देवापुढचा दिवा...

मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं भोंगा वाजवून शिव्या घातल्या. भर घडियाळी पोळात मधोमध उभी राहून निरुपमा देवस्थळी खदखदा हसत होती.

६. जशी रोज सांगतेस तशी

शनिवारी संध्याकाळी निरुपमानं सगळ्यांना जमवलं. इंद्रनीलनं रजा टाकली होती. अभिजित दुकानातलं दुसरं यंत्र घेऊन आला होता. तेजश्रीचा नकाशा त्यात आधीच उतरवून ठेवलेला, ही निरुपमाची अट. दाराशी मालविकेची बॅग उभी होती.

"जाते मी, तात्या," मालविका म्हणाली.

"येते म्हणावं, बाळ," तात्यासाहेब म्हणाले. त्यांची नजर बॅगेकडे गेली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. "आणि इतकं सामान कशाला बरोबर?"

मालविकेनं खाली मान घातली. येते म्हणायला तिची जीभ वळली नाही.

"चहा घेऊन मग निघेल ती," निरुपमा म्हणाली. "तेजश्री, ऊठ. चहा टाक. आणि रोज जाताना तात्यांना जे सांगतेस ते जसंच्या तसं सांग. एक शब्द इकडचा तिकडे नको."

तेजश्री गोंधळून उठली. स्वयंपाकघराच्या दारातून वळून तिनं नेहमीसारखी हाक दिली, "तेवढं वाढवा हं, तात्या!"

तात्यासाहेब लगबगीनं उठले. कोट सारखा केला. टेबलापाशी गेले, उजव्या कोपऱ्यातल्या तांदळाएवढ्या दिव्यावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि दाबून धरलं. पडदा काळा झाला. दिवा गेला. त्यांनी हात जोडले आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

इंद्रनील ओरडणार, तोच निरुपमानं हातानं त्याला थांबवलं.

"तात्यासाहेब, आत्ता काय केलंत?"

"सूनबाईंनी सांगितलं ते. दिवा वाढवला."

"बंद केलात?"

"छे छे! निरुपमाबाई, आपणही?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "ज्या यंत्रावर पोरगी चार घास कमावते, ते बंद करायचं? वाढवायचं ते. रमा देवापुढचा दिवा रात्री वाढवायची, तेव्हा हातच जोडायची. सूनबाईंनी पहिल्या दिवशी लांबून बोट दाखवलं, म्हणाल्या, मी उठले की ते वाढवत चला. तिथं हा एवढासा दिवा. दुसरं काय असणार? पोरगी एवढ्या विश्वासानं सांगते, म्हणून यंत्र घरात असलं की मी तिन्हीसांजेला कुठं हलत नाही. भरूचला गेलो तेवढा एक खाडा झाला."

तेजश्री दारात खिळून उभी होती. "मी... मी आवाज वाढवा म्हणत होते."

"आवाज हा शब्द आत्ता म्हणालीस," निरुपमा म्हणाली. "रोज म्हणत होतीस 'तेवढं'. तुझ्या मराठीत वाढवणं म्हणजे जास्त करणं. त्यांच्या मराठीत वाढवणं म्हणजे अशुभ न बोलता संपवणं. तीळगुळाचा डबा आठव. रिकामा होता, म्हणून ते वाढला म्हणाले. आपण दोघींनी त्यांना वेड्यात काढलं. आणि मला तर लाज वाटायला हवी, माझी आजी असंच बोलायची. पण कानात तू सांगितलेला आवाज भरला होता, तो शब्द मला ऐकूच आला नाही. तू विचारलंस, बंद केलंत का. ते खरंच नाही म्हणाले. योग्य प्रश्न एकच होता आणि तो कुणीच विचारला नाही."

"म्हणजे..." मालविका पुढं आली. "म्हणजे यांचं डोकं..."

"तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे. रोज वेळेवर, न चुकता, सांगितलेलं काम. कुठल्या वेड्याला जमेल?" निरुपमा इंद्रनीलकडे वळली. "आणि तुझ्या बहिणीनं वायर काढल्याचं खोटंच सांगितलं. तुम्ही त्यांना कुठंतरी नेऊन ठेवाल म्हणून. कळलं?"

इंद्रनीलला ताईकडे बघवेना.

तात्यासाहेब एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. "सूनबाई, तुमचं ते काम वाहून जायचं ते... माझ्या हातानं? आणि आमच्या मालूवर आळ आला तो..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. उभ्या आयुष्यात वाईट शब्द तोंडात येऊ दिला नव्हता त्यांनी. आता हवा होता तर एकही आठवत नव्हता.

तेजश्री धावत आली आणि त्यांच्या पायाशी बसली. "तुमच्या नाही, तात्या, माझ्या. माझंच चुकलं. सगळंच चुकलं." मग तिनं मान वर करून मालविकेकडे पाहिलं. "ताई, मी काय काय बोलले तुम्हाला."

"बोललीस खरी," मालविका म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "चांगली सडकून बोललीस. मी विसरणार नाही इतक्यात. ऊठ आता, चहा उतू जातोय."

तेवढ्यात टेबलावरच्या दुसऱ्या यंत्रातून घंटी वाजली. तिकडची माणसं कामावर आली होती. तेजश्रीनं डोळे पुसून नकाशा पाठवला. त्यांनी बघून होकार कळवेपर्यंत कुणी चहाला हात लावला नाही, आणि होकार आल्यावर अभिजितनं एकट्यानंच तीन कप संपवले.

मालविकेची बॅग इंद्रनीलनं उचलली आणि एक शब्द न बोलता तिच्या खोलीत नेऊन ठेवली.

निरुपमा निघाली. खंडेराव मार्केटमधून भाजी घ्यायची होती. मालविका म्हणाली, "थांब मावशी, मीही येते, पिशवी धरायला." चपला घालून ती दारात थांबली आणि मागं वळली.

"तात्या, येते हं."

तात्यासाहेबांनी हात वर केला.

"ये, बाळ," ते म्हणाले. "लवकर ये."